पिल्लू कोणाचे, दर कोणाचा? व्यंकटेश्वरा हॅचरीजचा इतिहास आणि पोल्ट्रीत उतरणारा आपला तरुण

गावात नोकरी नाही, शेती एक-दोन एकर किंवा तीही नाही. अशा तरुणाला सगळेजण एकच सल्ला देतात : "पोल्ट्री टाक." महामंडळाचे बीजभांडवल, बँकेचे कर्ज आणि घरच्यांचे थोडेफार दागिने मिळून शेड उभी राहते. पहिली बॅच निघते, दुसरी निघते. तिसऱ्या-चौथ्या बॅचला खाद्याचे भाव वाढतात किंवा कोंबडीचे दर पडतात आणि हप्ता थकतो. मग लोक म्हणतात, "त्याला धंदा जमला नाही."

खरेच एवढेच असते का? हे समजून घ्यायचे असेल, तर या धंद्यात मोठे झालेले लोक नेमके काय विकून मोठे झाले ते पाहावे लागते. त्यासाठी आपल्या महाराष्ट्रातच एक ठळक उदाहरण आहे : पुण्यात मुख्यालय असलेला आणि एकाच कुटुंबाच्या हाती असलेला व्यंकटेश्वरा हॅचरीज उद्योगसमूह. 'वेंकीज' हे त्याचे नाव आपण दुकानांच्या पाट्यांवर वाचतो. या कुटुंबाचा इतिहास म्हणजे भारतातल्या आधुनिक पोल्ट्रीचा अर्धा इतिहास आहे, आणि त्यात शेड टाकू पाहणाऱ्या प्रत्येकासाठी धडा आहे.

सुरुवात हॅचरीपासून

डॉ. बंडा वासुदेव राव, म्हणजेच बी. व्ही. राव, यांनी १९७१ मध्ये हैदराबाद येथे व्यंकटेश्वरा हॅचरीज सुरू केली. पुढे कारभार पुण्याला आला. उत्तर भारतातल्या बाजारासाठी १९७६ मध्ये वेस्टर्न हॅचरीज ही कंपनी स्थापन झाली. तीच आज वेंकीज (इंडिया) या नावाने शेअर बाजारात आहे.

त्या काळी देशात अंडे ही चैनीची वस्तू होती. १९५०-५१ मध्ये भारतात वर्षाला सुमारे १८३ कोटी अंडी तयार होत, म्हणजे माणशी वर्षाला पाच. बहुतेक अंडी परसातल्या गावरान कोंबड्यांची. गावरान कोंबडी वर्षाला पन्नास-साठ अंडी देते, मध्येच खुडूक बसते आणि पिल्ले काढते. घरखर्चाला तिचा आधार मोठा, पण शहराला रोज पुरेल एवढा माल तिच्याकडून निघत नाही.

रावांनी इथे एक गोष्ट ओळखली. अंडी विकणारे पुष्कळ होतील, पण जास्त अंडी देणारे पिल्लू विकणारे मोजकेच राहतील. म्हणून त्यांनी भर दिला तो हॅचरीवर आणि तिच्याही मागे असलेल्या पैदाशीवर. बॅबकॉक या अमेरिकी लेअर जातीपासून भारतीय हवामानात टिकणारी बीव्ही-३०० ही कोंबडी विकसित झाली. आज देशातल्या व्यापारी लेअर फार्मवर ती मोठ्या प्रमाणावर दिसते. मांसासाठीच्या पक्ष्यात अमेरिकेच्या कॉब कंपनीशी भागीदारी झाली आणि 'व्हेंकॉब' हा ब्रॉयलर आला. कराराने पोल्ट्री करणाऱ्या कोणत्याही शेतकऱ्याला हे नाव नवे नाही.

पिल्लाच्या मागची साखळी

इथे थोडे थांबून एक तांत्रिक गोष्ट समजून घेऊ, कारण धंद्यातली सत्ता तिच्यातच आहे.

व्यापारी फार्मवरची कोंबडी ही अनेक शुद्ध वंशांच्या संकरातून आलेली असते. सर्वांत वर शुद्ध वंश, त्याखाली पणजी-आजीची पिढी, त्याखाली आई-बापांची म्हणजे 'पेरेंट' पिढी आणि सर्वांत खाली शेतकऱ्याच्या पिंजऱ्यातली कोंबडी. लेअरच्या एका पेरेंट कोंबडीपासून तिच्या आयुष्यात शंभराच्या आसपास मादी पिल्ले मिळतात. म्हणजे वरच्या पिढीतले काही हजार पक्षी ज्याच्या हाती, त्याच्या हाती खालचे लाखो पक्षी.

शेतकऱ्याला स्वतःच्या कोंबडीपासून पुढची पिढी तयार करता येत नाही. पिंजऱ्यातल्या लेअर कोंबड्यांसोबत कोंबडा नसतो, त्यामुळे त्यांची अंडी फलितच नसतात. त्यातून पिल्लू निघणे शक्य नाही. (अंड्यात जीव असतो म्हणून ते शाळेत नको, असे सांगणाऱ्यांनाही ही माहिती द्यायला हवी.) समजा कोंबडा ठेवून पिल्ले काढली, तरी संकराचा गुण पुढच्या पिढीत टिकत नाही. कोणी जास्त अंडी देते, कोणी कमी, वाढही सारखी होत नाही. संकरित बियाणे दरवर्षी नवे घ्यावे लागते, तसेच हे आहे. कापसाच्या बियाण्याचा अनुभव विदर्भ-मराठवाड्यातल्या वाचकांना वेगळा सांगायला नको.

पिल्लू बाहेरून आले की त्यामागोमाग बाकीचेही येते. मरेक्सची लस हॅचरीतच पहिल्या दिवशी टोचली जाते. पुढे राणीखेत, ज्याला गावाकडे मानमोडी म्हणतात, आणि गंबोरो यांच्या लसी. मग औषधे, खाद्य, खाद्यात मिसळायची जीवनसत्त्वे. राव कुटुंबाने एकेक करून हे सगळे हाती घेतले. लसींसाठी व्हेंट्री बायोलॉजिकल्स उभी राहिली. खाद्य, औषधे, अंड्यांची भुकटी, प्रक्रिया केलेले चिकन असा विस्तार झाला. उरुळी कांचन येथे पोल्ट्री व्यवस्थापनाचे शिक्षण देणारी संस्थाही आहे. म्हणजे शेतकरी ज्या ज्या वस्तूसाठी पैसे मोजतो, त्यातल्या बहुतेक वस्तू या एका समूहाकडे मिळतात. अंड्याचा दर वर जावो की खाली, पिल्लू, लस आणि खाद्य यांचे पैसे शेतकऱ्याला आधी मोजावे लागतात.

१९८२ : दर कोण ठरवणार?

या इतिहासातले दुसरे मोठे पान दराचे आहे. १९८० च्या सुमारास अंड्यांचे उत्पादन वाढले, पण दर ठरवत होते मुंबई, दिल्ली, कोलकात्याचे व्यापारी. अंडे नाशवंत, शेतकरी विखुरलेला. आज माल दिला नाही तर उद्या तो कमी दरात द्यावा लागणार, हे व्यापाऱ्याला ठाऊक होते. दर उत्पादन खर्चाच्याही खाली गेले आणि फार्म बंद पडू लागले.

तेव्हा रावांनी देशभर फिरून शेतकऱ्यांच्या बैठका घेतल्या. १९८२ मध्ये राष्ट्रीय अंडी समन्वय समिती, म्हणजेच एनईसीसी, स्थापन झाली. आपल्या अंड्याचा दर आपणच सांगायचा, हा तिचा मूळ विचार. विभागवार शेकड्याचा दर रोज जाहीर होऊ लागला. माल जास्त झाला की काही अंडी शीतगृहात ठेवून बाजार सावरायचा, हे कामही सुरू झाले. दूरदर्शनवरची अंड्यांची जाहिरात तर एका अख्ख्या पिढीला पाठ आहे. ती याच समितीची. आज समिती आपली सभासदसंख्या २५ हजारांहून अधिक सांगते.

विखुरलेल्या उत्पादकांनी एकत्र येऊन व्यापाऱ्याच्या हातातली दराची दोरी आपल्याकडे घेतली, हे लहान काम नाही. संघटनेची ताकद काय असते, याचा हा पुरावा आहे.

पण या चित्राची दुसरी बाजूही पाहायला हवी. या समितीचे नेतृत्व पिल्ले, लसी आणि खाद्य विकणाऱ्या कुटुंबाकडेच राहिले. शेतकरी जगला तरच पिल्लू विकले जाणार, इथपर्यंत दोघांचे हित एक आहे. त्यापुढे मात्र ते वेगळे होते. पिल्लू विकणाऱ्याला जास्त पिल्ले विकायची असतात. जास्त पिल्ले म्हणजे सहा महिन्यांनी बाजारात जास्त अंडी, आणि जास्त अंडी म्हणजे पडलेले दर. शिवाय समितीचा दर हा सुचवलेला दर आहे, तो कोणावर बंधनकारक नाही. लहान फार्मवाल्याला प्रत्यक्षात त्याहून कमी हाती पडू शकते. म्हणून संघटनेत सामील होताना तिचे नियम कोण करतो आणि तिच्यात लहान उत्पादकाचे म्हणणे किती चालते, हे विचारलेच पाहिजे.

मुलीच्या हाती कारभार

बी. व्ही. राव यांना १९९० मध्ये पद्मश्री मिळाली. १९९६ मध्ये त्यांचे निधन झाले. त्यानंतर त्यांची कन्या अनुराधा देसाई समूहाच्या अध्यक्ष झाल्या. बंधू व्यंकटेश राव आणि बालाजी राव हेही कारभारात आहेत. मुलीकडे उद्योगाची सूत्रे सोपवणारी घराणी त्या काळी फार नव्हती, याची नोंद घ्यायला हवी.

नोव्हेंबर २०१० मध्ये या कुटुंबाने इंग्लंडचा ब्लॅकबर्न रोव्हर्स हा फुटबॉल क्लब सुमारे २ कोटी ३० लाख पौंडांना विकत घेतला. १८७५ मध्ये स्थापन झालेला, १९९४-९५ मध्ये प्रीमियर लीग जिंकलेला हा क्लब. नव्या मालकांच्या काळात, २०१२ मध्ये, तो वरच्या श्रेणीतून खाली घसरला. त्या निर्णायक सामन्यात चिडलेल्या प्रेक्षकांनी मैदानात चक्क एक जिवंत कोंबडी सोडली होती. मालकांचा धंदा कोणता, हे इंग्लंडलाही माहीत झाले होते.

या दोन गोष्टी एकत्र ठेवून पाहा. एका पिढीने उभारलेले ज्ञान, नाव, ओळखी आणि भांडवल दुसऱ्या पिढीला मिळाले. एखादा निर्णय चुकला तरी मूळ धंदा हलला नाही. आपला तरुण बहुतेक वेळा घराण्यातला पहिला उद्योजक असतो. त्याच्या मागे पिढीजात पैसा नसतो, बँकेत ओळख नसते, आणि एक बॅच बुडाली तर ती भरून काढायला दुसरे उत्पन्न नसते. म्हणून त्याच्या अपयशाला केवळ "जमले नाही" म्हणणे अन्यायाचे आहे.

आता आपल्या शेडचा हिशेब

हिशेब करून पाहू. लेअर कोंबडी रोज साधारण ११० ग्रॅम खाद्य खाते. दहा हजार पक्ष्यांना रोज ११ क्विंटल लागले. खाद्य किलोमागे फक्त एक रुपयाने महागले तर रोजचा खर्च ११०० रुपयांनी, महिन्याचा ३३ हजारांनी वाढतो. दहा हजार पक्ष्यांवर रोज ९ हजार अंडी निघत असतील आणि दर अंड्यामागे १० पैशांनी पडला, तर रोज ९०० रुपये कमी. या दोन्ही गोष्टी एकाच महिन्यात झाल्या, तर नफ्याचे गणित उलटे व्हायला वेळ लागत नाही. एकूण उत्पादन खर्चात निम्म्याहून बराच जास्त वाटा खाद्याचा असतो, आणि खाद्य म्हणजे मुख्यतः मका आणि सोयाबीनची पेंड. २०२१ मध्ये सोयापेंड इतकी महागली की केंद्र सरकारने १२ लाख टन पेंड आयात करायला परवानगी दिली. त्यावर सोयाबीन पिकवणारा शेतकरी नाराज झाला. एका शेतकऱ्याचा भाव हा दुसऱ्या शेतकऱ्याचा खर्च असतो, हे तेव्हा स्पष्ट दिसले.

लेअरला भांडवल जास्त लागते. पिल्लू अंड्यावर यायला साडेचार-पाच महिने जातात आणि तोवर नुसता खर्च. म्हणून नवा तरुण बहुधा ब्रॉयलरच्या कराराकडे वळतो. दक्षिणेत, कोइम्बतूर भागात, १९९० च्या दशकात ही पद्धत रुजली आणि मग आपल्याकडे पसरली. कंपनी पिल्ले, खाद्य, औषध देते. शेड, वीज, पाणी, तूस आणि मजुरी आपली. पाच-सहा आठवड्यांत पक्षी दोन-सव्वादोन किलोचा झाला की कंपनी उचल करते आणि किलोमागे संगोपन खर्च देते.

समजा पाच हजार पक्षी टाकले. पाच टक्के मरतूक धरली तर ४,७५० उरले. सरासरी २.२ किलो धरली तर १०,४५० किलो माल. किलोमागे समजा ७ रुपये मिळाले, तर बॅचचे ७३,१५० रुपये. यातून वीज, तूस, थंडीतली शेगडी किंवा गॅस, मजुरी आणि बँकेचा हप्ता जायचा. वर्षात पाच-सहा बॅच निघतात. दोन बॅचमध्ये शेड किती दिवस रिकामी राहणार, हे कंपनी ठरवते, हप्त्याची तारीख मात्र बदलत नाही.

शिवाय खाद्याचा हिशेब असतो. एक किलो वजनासाठी किती किलो खाद्य गेले, त्यावर दर कमी-जास्त होतो. पिल्लू कमजोर आले किंवा पोत्यात खाद्य कमी भरले, तरी आकडा शेतकऱ्याच्याच नावावर चढतो. पिल्लू त्याचे नाही, खाद्य त्याचे नाही, कोंबडी त्याची नाही. त्याची आहे ती शेड आणि शेडचे कर्ज.

बाबासाहेबांनी १९१८ साली भारतातील लहान धारणक्षेत्रांवर जो निबंध लिहिला, त्यातला मुद्दा इथे आठवतो. जमीन लहान की मोठी हे एकटे पाहून उपयोग नाही, तिच्या जोडीला भांडवल आणि साधने किती आहेत यावर शेती परवडते की नाही ते ठरते. शेडचेही तसेच आहे. कर्ज काढून शेड मोठी केली, पण बाकी साधने दुसऱ्याच्या हाती असली, तर आपले फक्त ओझे वाढते.

संकट आले की तोटा कोणाचा?

फेब्रुवारी २००६ मध्ये भारतातला पहिला बर्ड फ्लू आढळला तो नंदुरबार जिल्ह्यातल्या नवापुरात. लाखो पक्षी मारावे लागले. २०२१ मध्ये नवापूरला पुन्हा तोच अनुभव आला. २०२० च्या सुरुवातीला चिकनमुळे कोरोना होतो अशी अफवा मोबाइलवर पसरली आणि दर कोसळले. अशा वेळी मोठा समूह एका ठिकाणचा तोटा दुसऱ्या ठिकाणी भरून काढतो. एकाच शेडवर उभा असलेला माणूस तसे करू शकत नाही.

२०१९ मध्ये इस्लामपूर भागातून उघड झालेले कडकनाथ प्रकरण तर आपल्याच लोकांना पोळून गेले. महागडी पिल्ले विकायची, अंडी आणि कोंबड्या चढ्या दराने परत घेऊ असे सांगायचे, आणि नंतर खरेदी थांबवायची. राज्यभरातल्या शेतकऱ्यांनी कोट्यवधींच्या फसवणुकीच्या तक्रारी केल्या. पिल्लू एकाच ठिकाणाहून घ्यायचे आणि माल त्यालाच द्यायचा, बाहेर गिऱ्हाईकच नाही, अशी कोणतीही योजना दिसली की सावध व्हा.

मग काय करायचे?

पोल्ट्री करू नका, असे या लेखाचे म्हणणे नाही. देशात २०२३-२४ मध्ये १४,२७७ कोटी अंडी झाली, माणशी वर्षाला १०३. पोषणतज्ज्ञांची शिफारस १८० ची आहे, म्हणजे मागणी वाढणार आहे. अंडी उत्पादनात पहिल्या पाच राज्यांत महाराष्ट्र नाही. आपल्या शहरांत आंध्र, तेलंगण आणि कर्नाटकातून अंडी येतात. जागा आहे, पण उतरताना काही गोष्टी पाहून उतरा.

पहिली गोष्ट, करार वाचा आणि त्याची सही-शिक्क्याची प्रत घ्या. मरतूक किती टक्क्यांपर्यंत मान्य? वजन कोणाच्या काट्यावर? उचल उशिरा झाली तर वाढीव खाद्याचा खर्च कोणाचा? वर्षाला किमान किती बॅच देणार? रोग आला तर शेडचे भाडे तरी मिळणार का? या पाच प्रश्नांची उत्तरे कागदावर नसतील तर कर्ज काढू नका.

दुसरी गोष्ट, पिल्लाचा दुसरा पर्यायही तपासा. हैदराबादच्या सरकारी कुक्कुट संशोधन संस्थेने वनराजा आणि ग्रामप्रिया या परसातल्या जाती तयार केल्या आहेत. बंगळुरूच्या विद्यापीठाची गिरिराज आहे. आपल्या राज्यात पशुसंवर्धन खात्याची मध्यवर्ती अंडी उबवणी केंद्रे आहेत, तिथे चौकशी करा. २०१९ च्या पशुगणनेत व्यापारी कुक्कुटपक्षी साडेचार टक्क्यांनी वाढले, तर परसातले सुमारे ४६ टक्क्यांनी वाढून ३१ कोटींच्या पुढे गेले. ही वाढ मुख्यतः बायाबापड्यांच्या कष्टातून झालेली आहे. पन्नास-शंभर पक्ष्यांपासून सुरुवात केली तर शिकायला कर्ज लागत नाही.

तिसरी गोष्ट, एकट्याने खाद्य घेऊ नका. पाच-दहा जणांनी मिळून मका आणि पेंड घेतली, लसीकरणाचे वेळापत्रक एकत्र पाळले, तर १९८२ मध्ये देशपातळीवर जे झाले ते तालुक्यात लहान प्रमाणात करता येते. त्या गटाचे नेतृत्व मात्र शेड चालवणाऱ्यांकडेच ठेवा, पिल्ले आणि खाद्य विकणाऱ्याकडे देऊ नका.

चौथी गोष्ट कार्यकर्त्यांसाठी. नोव्हेंबर २०२३ मध्ये राज्य सरकारने शालेय पोषण आहारात आठवड्याला एक अंडे देण्याचा निर्णय घेतला. जानेवारी २०२५ मध्ये त्याचा स्वतंत्र निधी थांबवला आणि लोकसहभागातून पैसे उभे करा असे शाळांना सांगितले. ज्या वस्तीत पालकांकडेच पैसे नाहीत, तिथे लोकसहभाग कुठून येणार? तमिळनाडूत शाळेतल्या मुलांना नियमित अंडी मिळतात, आणि तिथल्या नामक्कलच्या फार्मना त्यातून खात्रीची मागणी मिळते. आपल्याकडेही अंडे परत सुरू करा आणि ते गावातल्या बचत गटांकडून, लहान उत्पादकांकडून घ्या, ही मागणी ग्रामसभेत ठरावाच्या रूपाने मांडता येईल. मुलांच्या ताटात प्रथिने येतील आणि शेड टाकलेल्या तरुणाला व्यापाऱ्याशिवाय दुसरे गिऱ्हाईक मिळेल.

शेडचा पाया खणण्याआधी कागदावर दोन रकाने करा. एकात लिहा, या धंद्यातले काय काय माझे असेल. दुसऱ्यात लिहा, काय दुसऱ्याचे असेल. दुसरा रकाना फारच लांब झाला, तर बँकेत जाण्याआधी तो कागद घेऊन चार जाणकारांकडे जा.